सुनांची फेरी

आमच्या मरोळच्या वस्तीत लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला द्रौपदीआत्या वस्ती दाखवायला न्यायची. बाजार नव्हे हो, आणि सिनेमाचं थेटरही नव्हे. वीस मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी, सकाळी पांढरं लुगडं नेसून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "चला गं, चपला घाला." मग तिच्या मागनं गुमान चालायचं.

ती माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना बुचं बसवायची. उंचीला एवढीशी, पण जिभेला हाड नाही. फेरीत तिचा नियम एकच, नुसतं बघायचं नाही, करायचं. ज्या हॉटेलात आमच्या माणसांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत, तिथं आत बाकावर बसून चहा प्यायचा. ज्या शाळेत तिच्या भावाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वर्गाबाहेर बसवत, तिथं आत जाऊन फळ्याला हात लावायचा. आणि शेवटी विहीर. स्वतःचं लग्न ठरलं त्याच वर्षी आत्यानं तिथं चार बायांबरोबर पहिली कळशी भरली होती. दगड आले होते. भुवईवरची खूण ती पदर सारून दाखवायची, नवा दागिना दाखवावा तशी.

शहाऐंशी साली माझा नंबर लागला. मी बीडकडची. आमच्या गावात तेव्हाही आम्ही हंडा खाली ठेवून विहिरीपासून लांब उभं राहायचं, वरच्या जातीतल्या कुणाला दया आली तर वरून ओतणार. माझ्या भावानं एकदा दोराला हात लावला, तर त्याचा हातच मोडला त्यांनी, आणि वर हसले. मी तोंडाची तिखट, कुणाशीही भांडेन, पण विहिरीचा काठ दिसला की माझे पाय लटपटायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

आणि त्याच वर्षी विहिरीभोवती एका बिल्डरनं पत्रे ठोकले. विहीर बुजवून बिल्डिंग उठवायची होती त्याला. विहीर वापरात नाही, कुणी पाणी भरत नाही, असं त्यानं म्युनिसिपालटीच्या ऑफिसात सांगितलं होतं. खरंखोटं बघायला तिथले साहेब नेमके वीस मार्चलाच येणार होते. त्यांना ते पटलं की विहिरीची वाट लागली. आत्या म्हणाली, "बरंच झालं की! आपण तसंही जाणारच होतो."

त्या दिवशी हॉटेलातला चहा मी अर्धाच टाकून उठले. माझ्याबरोबर कांदिवलीची मीरा होती, ती पण नवी सून. शाळेपर्यंत ती खिदळत होती. विहिरीजवळ आलो तशी माझ्या मागं सरकली, कारण पत्र्याच्या फटीत बिल्डरची चार दांडगी माणसं उभी होती आणि रॉकेलचा भपका येत होता.

साहेब नाकाला रुमाल लावून काठाशी उभे. पाण्यावर रॉकेल तरंगत होतं. रातोरात कुणीतरी डबेच्या डबे ओतले होते.

"बघा ना साहेब," बिल्डरचा मुकादम म्हणाला, "हे पाणी जनावर तरी पिईल का?"

"काल संध्याकाळी मीच भरलंय इथनं," आत्या म्हणाली. "चांगलं होतं."

"मग तुमच्याच पोरांनी ओतलं असेल, मावशी. घरी जा."

ती माणसं पुढं सरकली. मीरानं माझा दंड असा धरला की नखं रुतली.

आत्या साहेबांकडं वळली. "साहेब, पूर्वी आमचा हात लागला की पाणी बाटायचं. गोमूत्र ओतायला धावायचे. आता रॉकेल ओतलं, तर कसं कुणाला काही वाटत नाही?"

साहेबांना घाम फुटला होता. "बाई, मला एवढंच सांगा, हे पाणी कुणी वापरतं का?"

आत्यानं कळशी सोडली, ओढली. तिला दमा होता, ओढतानाच तिचा भाता सुरू झाला. तिनं तांब्या भरला आणि तोंडाकडं नेला.

मुकादम हसला. "प्या, प्या! ॲम्ब्युलन्स बोलावू आपण."

तेच हसू. भावाचा हात मोडताना ऐकलेलं. माझं डोकंच सटकलं. मी धावले आणि तांब्या हिसकावला.

"तुमच्या वेळचं तुम्ही प्यायलात, आत्या. यंदा नंबर माझा आहे."

एका दमात संपवला. घशात आग पडली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काठावर उभी आहे. मी कळशी परत सोडली, या खेपेला स्वतः, आणि भरून वर ओढली. "अजून पिऊ का, साहेब?"

मागनं मीरा रडत रडत पुढं आली आणि तिनं ओंजळ धरली. "मला पण घाल गं."

"अहो बस, बस!" साहेब ओरडले. मुकादमाकडं बघून म्हणाले, "वापरात आहे विहीर. पत्रे काढा हे."

घरी जाऊन मी दिवसभर ओकत होते. आत्यानं माझं कपाळ धरलं आणि शिव्या घातल्या. "भवाने, पोटात पोर असतं म्हणजे?" शाबासकीचा एक शब्द नाही. मला भयंकर राग आला. म्हटलं, असू दे, म्हातारीला कसलं कौतुकच नाही.

पुढल्या वर्षी नव्या सुना निघाल्या. मी मागनं कळशी घेऊन. हॉटेल झालं, शाळा झाली. विहिरीवर आत्यानं भुवई दाखवली. झालं, आटपलं, असं मला वाटलं, तर तिनं वळून माझ्याकडं बोट केलं.

"आणि ही आमची रतन. ही इथं रॉकेलचं पाणी प्यायली, म्हणून ही विहीर आहे."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. उभ्या जन्मात माझ्याकडं कुणी असं बोट केलं नव्हतं. एवढी मी तोंडाळ, पण मला रडूच फुटलं.

डोळे पुसले तेव्हा दिसलं, त्यांतली एक पोरगी मागंच थांबलीय, काठापासून लांब. ते लटपटणारे पाय मी ओळखले. जाऊन दोर तिच्यापुढं केला.

"धरू?" तिनं विचारलं.

"धर," मी म्हटलं.