खुशबूच्या टायरची हवा

देवाजीचा कोणावर विश्वास नाही. भाजीवालीच्या तराजूवर नाही, डॉक्टरच्या गोळीवर नाही, आणि मी त्याचा जन्माचा शेजारी, तर माझ्यावर मुळीच नाही. वडशाच्या एका राइस मिलमध्ये त्याने चौकीदारी केली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी चाचपायची सवय लागली, ती काही सुटली नाही. आमच्याकडे हिवाळ्यात नाटकाला गेलं, की सायकल स्टँडवर कोणीतरी जुना राग काढतो आणि चाकातली हवा सोडतो. बाकीचे हसण्यावारी नेतात. देवाजीची एकदा सोडली, तेव्हापासून तो पिशवीत पंप घेऊन फिरतो.

त्याची पोरगी खुशबू सायकलच्या शर्यतीत उतरली, आणि त्याच्या संशयाला मोकळं रान मिळालं. ही शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हे. सायक्लोक्रॉस म्हणतात तिला. धान कापून झालेल्या शेतातल्या बांध्या, चिखल, मध्ये आडव्या फळ्या; तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. शिकवायला गोपालसर होते. त्यांनी खुशबूला उंच दात्यांचे टायर आणून दिले.

"हे ट्रॅक्टरले शोभते," देवाजी मला म्हणाला. "बारीक टायर पळते, हे लेकरूही सांगन. स्वातीले पुढं काढाचा डाव आहे सरचा."

स्वाती म्हणजे गोपालसरांकडेच शिकणारी दुसरी मुलगी. देवाजी ताक मागायच्या निमित्ताने तिच्या घरी गेला आणि अंगणातल्या सायकलीचे टायर चाचपून आला. तसेच होते, दात्यांचे. कोणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता.

"टायर सारखे आहेत," तो म्हणाला, "म्हंजे डाव हवेत आहे."

मी कपाळावर हात मारला. पण घरात हेच रोज ऐकून खुशबूही सरांकडे तिरक्या नजरेने बघायला लागली होती. एकदा माझ्या देखत तिने आपली पाण्याची बाटली हुंगून पाहिली. मला तेव्हाच वाईट वाटलं.

निवड शर्यत चामोर्शीकडे होती. पहिल्या तिघी राज्याच्या शर्यतीला जाणार होत्या. त्यासाठी खुशबूने कापड दुकानातली नोकरी सोडली होती, आणि वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी तिला उतरता येणार नव्हतं. तिथे पोचल्यावर मी चहाला गेलो. मागे घडलं ते देवाजीनेच नंतर सांगितलं.

खुशबू नंबर घ्यायला गेली होती. गोपालसर आले, त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिले, आणि देवाजीच्या डोळ्यांदेखत दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. "चिखल आहे भाऊ. टायर नरम असलं तर जमीन धरते," म्हणाले आणि गेले. देवाजीला स्टँडवरचे ते सगळे हरामखोर आठवले. चोर दिवसाढवळ्या सापडला होता! त्याने पंप काढला आणि दोन्ही टायर दगडासारखे टणक केले.

तेवढ्यात नावं पुकारली गेली. खुशबू धावत आली, सायकल घेतली आणि रेषेवर गेली. टायर बघायला तिला वेळच मिळाला नाही.

पहिल्याच चिखलात ती घसरून पडली. उठली, बांधावर उडाली, पुन्हा पडली. मग तिने उतरून हवा सोडली आणि जीव तोडून पायडल मारले. स्वाती तिसरी आली. खुशबू चौथी.

चिखलाने माखलेली खुशबू सायकल टाकून थेट गोपालसरांवर धावून गेली. "हवा काऊन भरली, सर? स्वातीसाठी ना?"

"मी तर सोडली होती," गोपालसर म्हणाले. माणसं जमली. कोणाचा विश्वास बसेना. सरांचा चेहरा पडला.

देवाजी शेजारी उभा होता. आयुष्यभर तो जे सांगत आला, ते आज सगळ्यांना पटत होतं. त्याला आता फक्त गप्प राहायचं होतं. पण त्याने पिशवीतून पंप काढला आणि पुढे धरला.

"सरनं नाई भरली. मी भरली, बाई. माह्या हातानं."

खुशबूने पंपाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग सरांकडे. तिचे डोळे बारीक झाले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सरनं तुमाले काय देलं?"