बांधाला पडलेली खांड

ती सकाळ माझ्या डोक्यातून अजून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे विसरलो. पेणच्या खाडीकाठची एका बांधाची फिर्याद मात्र राहून गेली आहे.

ठाण्यात हजेरी चालू होती. पन्नाशीच्या एक शेतकरी बाई चिखलाच्या पायांनी आत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमचा बांध कुनीतरी फोडलाय."

"खेकड्यांनी पोखरला असेल," हवालदार म्हणाला.

"खेकडं भोक पाडतात. दरवाजा नाय पाडत."

मी गाडी काढायला सांगितली. तिथली भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. मातीचा एकच लांब बांध खाडीचं पाणी अडवतो. त्याला भगदाड पडून खांड झाली आणि खारं पाणी आत आलं, की पीक तर जातंच, पुढे काही वर्षं जमिनीत दाणा होत नाही. शेतं अनेकांची आणि बांध एक, म्हणून दर घरातून एक माणूस यायचा आणि सगळे मिळून बांध राखायचे, अशी जुनी रीत. नव्या विकास आराखड्यात हा पट्टा कारखान्यांसाठी दाखवला गेला, आणि अर्ध्याहून जास्त गावाने जमिनी विकल्या. बाई आणि त्यांचा दीर यांचं सामाईक शेत बरोबर मधोमध. बाई सही देत नव्हत्या.

खांड खरंच दाराएवढी होती. भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असल्यामुळे पाणी पहिल्या शेतातच थांबलं होतं. अमावास्येचं उधाण जवळ आलं होतं. त्याआधी खांड बुजली नाही तर बाईंचं उभं भात आणि जमीन दोन्ही जाणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

मी पंचनामा केला. एक गोष्ट खटकली. खणलेली माती शेताच्या अंगाला नीट रचून ठेवली होती. गावकऱ्यांनी आवरली असेल, म्हणून बाईंना विचारलं. त्या मातीकडे बघत राहिल्या.

"नाय, आमी नाय. बांधाची माती आमच्यात कुनी खाडीत टाकत नाय. परत लागते ना," एवढंच म्हणाल्या.

मी आधी या जमिनींचे सौदे जमवणारा रामवाडीतला दलाल बोलावला. हा गडी खुर्चीत असा बसला जणू ठाणं त्यानेच बांधलंय. तो कुठे होता ते तपासलं, खरं निघालं. असले लोक स्वतःचे पाय चिखलात घालत नाहीत. मग गावाजवळच्या जिते स्टेशनबाहेरच्या एका खबऱ्याचा फोन आला. बाईंचा दीर बांध फुटण्याच्या आदल्या संध्याकाळी दलालाच्या गाडीतून तिथे उतरला होता.

दीर रोह्यात राहायचा, धाटावला कंपनीत कामाला. "मी शिफ्टला व्हतो," म्हणाला. कंपनीत विचारलं, तर शिफ्ट बदलून घेतलेली. तरी ऐकेना. दलालाच्या माणसांवर ढकलत राहिला. मी आवाज चढवला नाही. चढवल्याने माणूस खोटंच पक्कं करतो, हा माझा अनुभव.

"भाड्याच्या माणसाने माती खाडीत फेकली असती," मी म्हणालो. "तू शेताच्या बाजूला का रचलीस?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"सवय हो साहेब. हात तिकडंच गेला." मग सगळं बाहेर आलं. "वहिनीला नुसतं घाबरवायचं व्हतं. म्हनून भांगाला फोडला. ती सहीला तयार झाली की उधानाच्या आत गाव बोलवून परत घालनार व्हतो."

जागा दाखवायला त्याला बांधावर नेलं. तिथे म्हणाला, "साहेब, बांध घालू द्या ना." नियमात ते बसत नव्हतं. पण पंचनामा किती वेळ चालवावा हेही नियमात नाही. मी मान हलवली. तो खांडीत उतरला. शेतावर असलेल्या बाई ढेकळं उचलून त्याच्या हातात देऊ लागल्या. माझ्या दोन शिपायांनी बूट काढले. हवालदाराला मी गावात पाठवलं.

तो एकटाच परत आला. "म्हणतात, आमी जमिनी इकल्या, आता आमचं काय तिकडं?"

मला संताप आला. पण कुठलं कलम लावणार? आपल्या मालकीची जमीन विकणं गुन्हा नाही, आणि न येणंही गुन्हा नाही. दिवेलागणीपर्यंत बांध कमरेइतका झाला. आरोपीला परत लॉकअपमध्ये घातलं. अमावास्येच्या उधाणाने तो अर्धवट बांध वाहून नेला आणि पाणी पार गावाच्या कडेपर्यंत गेलं.

दिराला शिक्षा झाली. दलालाविरुद्ध पुरावा टिकला नाही. कारखानाही आला नाही, कारण पाणी शिरलेल्या जागेत कांदळवण उगवलं आणि ते तोडायला कायद्याने बंदी. आराखड्यात प्रत्येक शेत वेगळ्या गट क्रमांकाचं असतं, पण ती शेतं एकमेकांच्या जिवावर उभी असतात, हे मी या प्रकरणात शिकलो. निम्मी विकली गेली तेव्हाच उरलेली धोक्यात आली होती. त्या दिवशी माझ्याकडे कुणी फिर्याद घेऊन आलं नव्हतं.

परवा रोह्याच्या बाजारात बाई भेटल्या. किराणा दुकानात तांदूळ घेत होत्या. दिराचं विचारलं. सुटला, ठेकेदाराकडे कामाला आहे, म्हणाल्या.

"बोलता त्याच्याशी?"

"बोलते की. तो परत घालायला उतरला तरी व्हता, साहेब. बाकीचं कुनी आलं नाय."