ज्यांच्याकडे माझी मुलगी गेली

डॉ. निर्मलाताई उमाळे यांना मी प्रथम पाहिलं ते अमरावतीला, विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात. एम.एड.च्या प्रवेशाची यादी लागली होती. मी अकोल्याच्या वकिलाचा मुलगा. पहिलं नाव माझं. ताई भातकुलीच्या, घरचा भाजीपाल्याचा मळा. त्यांचं नाव माझ्या खाली. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते मोठ्या मनाने स्वीकारलं. त्यानंतर त्यांच्या पुढे राहण्याचा योग माझ्या नशिबी फारसा आला नाही.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी भरभरून लिहितील. विभागात इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसणाऱ्या माणसाने काय लिहावं? मला ताईंचा हेवा वाटतो. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं लिहिणं सोपं जाईल.

शैक्षणिक मानसशास्त्र हा आम्हा दोघांचा विषय. शिकत असताना आमच्या सरांनी आम्हाला धारणीकडच्या एका आश्रमशाळेत चाचणी घ्यायला पाठवलं. जीपने अंग खिळखिळं करून आम्ही पोचलो. मी दुपारपर्यंत माझा वर्ग उरकला. ताईंनी त्या दिवशी चाचणीचे कागद पिशवीतून काढलेच नाहीत. मुलांबरोबर खेळत बसल्या; चाचणी घेतली ती दुसऱ्या दिवशी. मनात म्हटलं, ह्यांचं काही खरं नाही. परत आल्यावर मी सरांना अभिमानाने सांगितलं, की माझ्या मुलांच्या उत्तरांत कमालीचं एकमत आहे. सरांनी उत्तरपत्रिका चाळल्या. जवळजवळ सगळ्यांनी पहिल्याच पर्यायावर खूण केली होती. "हे एकमत नाही," सर म्हणाले, "तू मुलांच्या डोक्यावर उभा होतास." ताईंच्या वर्गाची उत्तरं मात्र मुलं असतात तशीच होती, नाना तऱ्हेची. सर ती वाचत बसले आणि मला चहा सांगायला पाठवलं.

ताईंचा चांगुलपणा हा वेगळाच ताप आहे. माझे वडील अकोल्याला दवाखान्यात होते, तेव्हा माझे संख्याशास्त्राचे तास ताईंनी न सांगता घेतले. शिवाय सुटीच्या दिवशी बसने अकोल्याला येऊन डबा पोचवला. वडील बरे झाले आणि मी रुजू झालो, तर एका विद्यार्थ्याने अतिशय आदराने सुचवलं, "सर, तुमी घरचं निवांत पाहून घ्या, इकडची काही घाई नाही." इकडे वडील मला विचारत, "ते भातकुलीवाली बाई पुन्हा कधी येते?"

हे सगळं मी पचवलं. पण माझी मुलगी रसिका हिने पीएच.डी.साठी मार्गदर्शक म्हणून ताईंना निवडलं, तेव्हा मात्र घास घशात अडकला. पोटच्या मुलीचा मार्गदर्शक होता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. मी तिला नागपूरचं एक नाव सुचवलं होतं. शाळेपासून तिचं लिहिलेलं सगळ्यांच्या आधी मी वाचत आलो. ते माझ्याकडेच राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

ताईंची रीत त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. प्रकरण लिहिण्याआधी ते घरातल्या कुणाला तरी तोंडी सांगायचं, आपल्या बोलीत, आणि ऐकणारा या विषयातला नसावा. आमच्या घरी तसं माणूस म्हणजे माझी पत्नी. ती पोस्टात काम करते. रसिकाचा विषय होता, उत्तर येत असूनही वर्गात गप्प राहणारी मुलं. बाळापूरच्या शाळांमधून ती फिरून आली, की मायलेकी स्वयंपाकघरात बसत. पत्नी विचारी, "मंग ते पोरगी बोलत काहून नाही?" दोघी हसत, पुन्हा गंभीर होत. मी बाहेर पेपर उघडून बसलेला. एकदा न राहवून ओरडलो, "नमुना कसा निवडला ते सांग आधी!" तेव्हापासून त्या गच्चीवर जाऊन बसू लागल्या.

मी तडक ताईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, माझ्याच घरात मला बंदी? ताई शेंगा सोलत होत्या. अर्ध्या माझ्यापुढे सरकवल्या.

"भाऊ, तुमाले समजते, हाच तर वांदा आहे. ज्याले समजते तो मधातच पुरं करून टाकते. पोरीले तिचं वाक्य तिलेच संपवू द्या ना."

मी शेंगा खाल्ल्या आणि तणतणत परत आलो.

शेवटच्या प्रकरणाच्या वेळी, एका रविवारी दुपारी, रसिका माझ्या खोलीत आली. आई घरीच होती. "बाबा, सांगू का तुमाले?" म्हणत तिने खुर्ची ओढली. बाळापूरच्या एका मुलीचं ती सांगत होती. तिच्या वर्गाच्या बाई फार जीव लावणाऱ्या. पण मुलीने तोंड उघडलं की उत्तर बाईच पुरं करत, वर शाबासकीही देत. "तिले येत होतं, बाबा. तिची पाळीच कधी आली नाही." मधेच रसिका अडखळली, खिडकीबाहेर पाहत राहिली. पुढचं वाक्य मला दिसत होतं. जीभ दाताखाली धरून बसलो. बऱ्याच वेळाने तिला तिचं वाक्य सापडलं. ते मी धरलेलं नव्हतं; त्याहून चांगलं होतं.

सांगून झाल्यावर मी विचारलंच, "ताईनं पाठवलं का तुले?"

"त्या तर मागच्याच प्रकरणाले म्हणाल्या होत्या, बाबाले सांगून पाहा. मी नाही आली."

"मंग आज काहून आलीस?"

"आज सांगावं वाटलं."

ताईंचे आभार मानायला हवेत. ते मी इथे, सर्वांसमक्ष मानतो, कारण समोरासमोर माझ्याच्याने होणार नाही. रसिकाचा प्रबंध आता पूर्ण होत आला आहे. तो झाला की तिचं तिकडे जाणं थांबेल, असं मी धरून चाललो होतो. परवा तिने सांगितलं, थांबणार नाही. तर जावो. ताईंचे गुडघे, डोळे आणि कान असेच शाबूत राहोत, त्या शंभर वर्षं ठणठणीत जगोत, मुलं त्यांच्या दारी रांग लावोत. आणि त्यांच्याशी पोटभर बोलून माझी मुलगी संध्याकाळी घरी आली, की माझ्याजवळ बसून सांगावं असंही तिच्यापाशी काही उरो.