क्लाउससाहेब आणि आमची उशी

फोन आला तेव्हा मी दुबईत आमच्या कराम्यातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कढीसाठी सोलं भिजत घालत होते. नात आलिया फोन घेऊन आली, "दादी, जर्मनी," एवढंच म्हणाली आणि स्पीकर लावून ओट्यावर ठेवून गेली. पलीकडे उशी होती. नेहमी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग सलीमची, म्हणजे माझ्या मुलाची. त्या दिवशी नुसता श्वास ऐकू आला... आणि मग तिच्या त्या मोडक्या हिंदीत, "आम्मा, पापा गया." मयताची बातमी ऐकून म्हणतात ते इन्ना लिल्लाही मी म्हटलं. ते मुसलमान नव्हते, त्यांच्यासाठी म्हणायचं की नाही हा विचार नंतर आला, तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत आलियानं सगळं शोधून काढलं. तिकडच्या पेपरांत क्लाउससाहेबांवर छापून आलं होतं, ते ती इंग्रजीत करून वाचत होती. जन्मभर विरोधी बाकांवर बसलेला उजव्या विचारांचा पुढारी. लढाईत गेलेला पूर्वेकडचा मुलूख परत मागणारा. परदेशी कामगारांना त्यांच्या त्यांच्या देशात पाठवा, असं भर सभेत सांगणारा. म्हातारपणी आपल्या गावात मशीद होऊ नये म्हणून दारोदार सह्या गोळा करत फिरलेला. वाचता वाचता तिनं मान वर केली. "दादी, ही हेटेड पीपल लाइक अस. व्हाय आर यू क्रायिंग?" मला तिला इंग्रजीत उत्तर देता येत नाही, आणि इतकं सगळं समजेल एवढं मराठी तिला येत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिला जे सांगता आलं नाही ते इथं लिहिते आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन दुबईत आले. गाव आमचं दाभोळच्या खाडीकाठी. माझे यजमान इस्माईल (त्यांचं नाव त्यांच्या हयातीत मी कधी तोंडानं घेतलं नाही, आता कागदावर घेते) इथे पाण्याच्या विहिरी खणणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. खाडीजवळच्या जुन्या दुमजली घरात खालच्या दोन खोल्या आमच्या आणि वरचा मजला कंपनीच्या जर्मन इंजिनियरचा. तेच क्लाउससाहेब. उंच, उन्हानं लाल झालेले, फार न बोलणारे. त्यांची बायको हेल्गा मात्र बोलकी. पाणी गाढवावरून डब्यांत यायचं, ते ती स्वतः उतरवून घ्यायची. माझ्याकडून तांदळाची भाकरी शिकायला बसली आणि पहिल्याच दिवशी चारही बोटं पोळून घेतली. तिला हिंदी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, तरी आमचं सगळं चालायचं. दोघींना एकाच सुमारास दिवस गेले होते. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती आपलं पोट माझ्या पोटाजवळ आणून कुणाचं मोठं ते बघायची आणि हसत सुटायची.

माझा यूनुस आधी झाला. गोरा, जावळ भरपूर. चाळिसावं न्हाणं झालं आणि पुढच्याच आठवड्यात त्याला ताप भरला. उन्हाळा असा होता की भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. ओल्या चादरी लटकवल्या, डॉक्टर आणला, दुआ मागितल्या... दोन दिवसांत खलास. त्याला मातीत ठेवून इस्माईल घरी आले तेव्हा माझी पोलकी दुधानं भिजत होती. मूल गेलंय हे अंगाला कळत नव्हतं. रुकय्या खाला शेजारी राहायच्या, आमच्याच कोकणच्या. त्यांनी घट्ट पट्टा बांधला, म्हणाल्या, सुकेल हळूहळू.

ते सुकायच्या आतच हेल्गा गेली. बाळंतपण नीट झालं होतं, मुलगी झाली होती, आणि तिसऱ्या दिवशी तिला जे हीव भरलं ते उतरलंच नाही. तिला इथल्याच मातीत ठेवलं. वरच्या मजल्यावरून ते पोर दिवसभर रडायचं. डब्याचं दूध त्याला पचत नव्हतं, पाजलं की उलटून टाकायचं. मी खाली कानात बोटं घालून बसायची, आणि दर रडण्याला छातीत पान्हा फुटायचा. एक दिवस रडणं बारीक झालं. मांजराच्या पिलासारखं. ते ऐकवेना.

त्या दुपारी क्लाउससाहेब दारात आले. टॉवेलात गुंडाळलेलं मूल हातात, दाढी वाढलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, इस्माईलना म्हणाले, "इस्माईल, प्लीज. युअर वाइफ..." इस्माईल आत येऊन म्हणाले, "जैबुन, तुझ्या मनावर आहे. मी काही सांगणार नाही." रुकय्या खाला तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "विचार कर पोरी. दूध पाजलंस की ती तुझी लेक झाली. कयामतपर्यंत झाली. आणि ही माणसं इथे राहणारी नाहीत. एक गमावलंस, दुसरं गमावशील." मी हात सोडवून घेतला आणि मूल मागितलं.

तिचं नाव उर्सुला. तिकडे लाडानं उशी म्हणतात, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा यूनुस गेल्यानंतर पहिल्यांदा मला हसू आलं. उशी! आमच्याकडे डोक्याखाली घेतात ती. दोन वर्षं ती माझ्या कुशीत वाढली. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं माझ्या दोन खोल्यांत. पहिला शब्द 'आम्मा' होता.

ती प्यायची तेव्हा साहेब उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसायचे. कामावरून आले की तडक तिथे. पहिले कित्येक महिने त्यांनी तिला उचलूनही घेतलं नाही, नुसता तिचा चुटूचुटू आवाज ऐकत बसायचे. हळूहळू बोलायला लागले. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, इस्माईल मला समजावून द्यायचे. त्यांचं गाव जर्मनीच्या पार पूर्वेला होतं. लढाई हरल्यावर तो मुलूख दुसऱ्या देशात गेला आणि तिथल्या सगळ्या जर्मनांना घरं सोडून निघावं लागलं. साहेब तेव्हा बारा वर्षांचे. भर बर्फातून आई आणि थोरल्या बहिणीबरोबर चालत निघाले होते, कडेवर धाकटी बहीण. ती वाटेत गारठून गेली. जमीन दगडासारखी गोठलेली, पुरता येईना, म्हणून तिला एका झाडाखाली ठेवून पुढे गेले. हे सांगताना ते बोटानं अंगणातल्या वाळूत गाव काढायचे. हे चर्च, हा तलाव, हे आमचं घर. वाऱ्यानं पुसलं की पुन्हा काढायचे.

"ते आमचं आहे," ते म्हणायचे. "परत मिळालंच पाहिजे. माणसानं आपल्या मातीत राहावं, आपल्या लोकांत. तू तुझ्या, मी माझ्या. सगळ्या जगाचं दुःख त्यानं मिटेल."

इस्माईल हसून म्हणायचे, "साहब, आमची माती तिकडे आणि पोट इकडे. आम्ही काय करायचं?"

ते पुन्हा वाळूत बोट फिरवायला लागायचे. मला तेव्हा त्यांचे विचार कळत नव्हते, एवढंच कळत होतं की या माणसाच्या छातीत एक खड्डा आहे आणि त्यात काहीही टाकलं तरी तो भरत नाही. ना कामानं, ना दारूनं. हेल्गा होती तोवर त्यावर झाकण होतं.

उशी धावायला लागली त्या हिवाळ्यात त्यांनी सांगितलं की ते परत जाताहेत. आपल्यासारख्या घर गमावलेल्या लोकांच्या सभांना त्यांना जायचं होतं, काहीतरी उभं करायचं होतं. मी हातापाया पडले. खरंच पाय धरले. म्हटलं, तुम्ही जा, तिला राहू दे, मोठी झाली की न्या. विमानतळ म्हणजे तेव्हा वाळवंटातलं मैदान आणि एक छोटी इमारत. तिथे तिनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडेना. साहेबांनी तिची बोटं एकेक करून उघडली. "जैबुन, खलास," ते म्हणाले. त्यांचेही डोळे वाहत होते. "शी मस्ट ग्रो विथ हर ओन पीपल." इस्माईलनी सांगितलं, म्हणतात, ती आपल्या माणसांत वाढायला हवी. मी ओरडले, "मग मी कोण?" विमानाचा पंखा सुरू झाला होता. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही.

त्यानंतरचे महिने मी कशी जगले ते लिहीत नाही. रुकय्या खालांनी मला पुन्हा पट्टा बांधला, आणि काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

कंपनीत दुसरे जर्मन होते, त्यांच्याकडून इस्माईलना बातम्या कळायच्या. साहेब भाषणं करतात. लोक टाळ्या वाजवतात. एका नव्या पक्षात गेले आहेत, फार उजवीकडचा म्हणतात. पूर्वेची जमीन सोडणारं सरकार गद्दार आहे म्हणतात. पुढे कळलं, आता ते परदेशातून आलेल्या मजुरांबद्दलही बोलायला लागले आहेत. पाहुणे म्हणून आलात, काम झालं, आता घरी जा.

साठचं दशक सरता सरता ते एकदाच दुबईत आले. हेल्गाच्या कबरीला दगड बसवायचा होता. पार्लमेंटच्या निवडणुकीला ते उभे होते, अंगात सूट, केस मागे फिरवलेले. उशी बरोबर असेल म्हणून मी त्यांच्या मागे दारात बघितलं, मग रस्त्यात जाऊन बघितलं. बरोबर कुणी नव्हतं. सलीम तेव्हा नुकता रांगायला लागला होता, तो जाऊन त्यांच्या बुटाशी खेळायला लागला. हा उशीचा दूधभाऊ, असं मी सांगितलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही, पण वाकून उचललंही नाही.

"तिला आठवते का मी?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मी सांगितलेलं नाही. जैबुन, कुणी पेपरवाला इथे आला तर..." आणि थांबले.

तेव्हा मी पहिल्यांदा इस्माईलना चिडलेलं पाहिलं. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "साहब, एक विचारतो. माझ्यासारखा माणूस तुमच्या देशात पोटासाठी आला, तर तुम्ही त्याला काय सांगाल?"

"घरी जा म्हणेन. ते मी सगळ्यांना सांगतो."

"आणि त्या दुपारी तुम्ही या दारात उभे होतात, तेव्हा आम्ही तुम्हाला तेच सांगितलं असतं तर?"

ते खुर्चीचा हात चोळत बसले. मग म्हणाले, "तर उशी मेली असती." अगदी स्पष्ट, हिशेबानं बोलल्यासारखं. मला वाटलं, समजलं या माणसाला. आता काहीतरी फिरेल. त्यांनी चहा संपवला, इस्माईलचा हात हातात घेतला, आणि गेले. पुढच्याच महिन्यात कंपनीतल्या जर्मन माणसानं सांगितलं, सभेत तेच भाषण, तेच शब्द. आलिया, तू ज्याला द्वेष म्हणतेस तो मला कधी दिसला नाही गं. मला जे दिसलं ते द्वेषापेक्षा भयंकर होतं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्या कळण्याचा काही म्हणजे काहीच उपयोग झाला नाही.

ती निवडणूक त्यांचा पक्ष थोडक्यात हरला. पुढे ते राज्याच्या विधानसभेत गेले, पण सत्तेजवळ कधी पोचले नाहीत, पक्ष फुटले, जोडले, पुन्हा फुटले. उशीला खरं कळलं ते मोठेपणी, तिच्या आत्यानं मरताना सांगितलं म्हणून. पत्ता शोधत ती कराम्यात आली तेव्हा इस्माईल नव्हते. दार उघडलं तर समोर हेल्गा उभी! मी तिच्या हाताची बोटं धरली आणि सोडेना. त्यावरून बापलेकीचं जे बिनसलं ते बिनसलंच.

तरी सरहद्दी मोकळ्या झाल्यावर तीच त्यांना गाडीनं त्यांच्या गावी घेऊन गेली होती. घर नव्हतं, बीटाचं शेत होतं. शेजारच्या घरातल्या पोलिश म्हातारीनं पाणी आणून दिलं. तिलाही तिच्या गावातून हाकलून इथे आणून टाकलेलं होतं, तिचं गाव आणखी पूर्वेला. दोघं एका बाकावर शेजारी बसून रडली, भाषा येत नसताना. उशीला वाटलं, सुटली गाठ. घरी परतून साहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात मशिदीविरुद्धच्या सह्यांचे कागद छापायला टाकले. उशी सांगते, शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नसे, ज्या बाई त्यांना भरवायच्या त्या तुर्की होत्या, आणि त्यांचा हात घट्ट धरून ते दर संध्याकाळी एकच विचारायचे, आपण घरी कधी जायचं?

दफन आटोपल्यावर उशी माझ्याकडे आली. साठीची बाई, गुडघे माझ्यासारखेच कुरकुरणारे. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. रडली नाही. "आम्मा, मैं उनसे माफ़ी नहीं माँगी, वो भी नहीं माँगे," म्हणाली. मी केसांतून हात फिरवत राहिले.

ती आत झोपायला गेल्यावर माझं लक्ष दाराशी गेलं. तिनं बूट काढून ठेवले होते, शेजारी शेजारी, नाड्या सोडलेल्या, टोकं बाहेरच्या दिशेला. साहेब असेच ठेवायचे. वरच्या मजल्याच्या दारात त्यांचे बूट कायम बाहेर तोंड करून असत, निघायची हाक आली की अंधारात पाय घालता यावेत म्हणून. बर्फातून निघायच्या आधी आईनं शिकवलेलं, ते जन्मभर राहिलं, आणि न शिकवताही लेकीत उतरलं. मी भिंतीचा आधार घेऊन खाली वाकले आणि ते बूट फिरवून त्यांची तोंडं घराकडे केली.

सकाळी नमाज झाल्यावर पाहिलं. ते पुन्हा बाहेर वळलेले होते.