घोडी दाखवायचा कार्यक्रम

घोडी विकायची की ठेवायची, यावरून आमच्या घरात जवळजवळ वर्षभर भांडण चाललं. घरात माणसं दोनच, मी आणि आई. त्यामुळे मध्यस्थी करायला कोणी नाही आणि बहुमताचाही प्रश्न नाही. आई विकायच्या बाजूची, मी ठेवायच्या. सकाळी चहाला सुरुवात व्हायची आणि रात्री भांडी घासताना पुन्हा.

बोरिवलीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईची घोडी आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ठेवता कुठे? गॅलरीत?" या विनोदाचा मला इतका कंटाळा आलाय की हल्ली मी सरळ "हो" म्हणते. तर, ठेवत होते गोराईला. जेट्टीवरून होडी पकडून खाडी ओलांडली की पलीकडे एका काकांचा छोटा तबेला आहे. चाळिशी ओलांडल्यावर मी तिथे घोड्यावर बसायला शिकले. का शिकले, याला काही कारण नाही. मैत्रिणीबरोबर फिरायला गेले होते, ती फोटो काढून उतरली आणि मी उतरलेच नाही. आमच्या खानदानात घोड्यावर बसलेला शेवटचा माणूस म्हणजे माझा मामा. तोही स्वतःच्या लग्नात, आणि मारुतीच्या देवळापर्यंत पोचायच्या आत घसरून खाली.

घोडी शर्यतीतून काढलेली. कुमैत, म्हणजे अंगाने तांबूस तपकिरी आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. पुढच्या एका गुडघ्यावर जुन्या जखमेचा टक्कल पडलेला पांढरा डाग. तिच्या मालकाला ती नकोशी झाली होती, मला ती पहिल्या दिवसापासून हवीशी झाली. आईने तिला पाहिलं, तिच्या दातांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ही बया तुला खाणार." तेव्हापासून घरात तिचा उल्लेख 'बया' असाच. "बया जेवली का?" "बयेला बघायला चाललीस वाटतं?" मी शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यावर बसून किनाऱ्यावरून रपेट मारून यायचे. त्या वर्षांत मी जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते. हे मी आईसमोर कधी बोलले नाही, पण आता लिहायला हरकत नाही.

मग कमरेने दगा दिला. घोडीवरून पडले नाही हं, हे आधीच सांगते, कारण सगळ्यांना तेच वाटतं. मी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. एका वजनदार आजोबांना टेबलावर सरकवताना कमरेत काहीतरी सटकलं. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीनेच माझा एमआरआय काढला. स्क्रीनवर मणक्यातली सरकलेली चकती दिसली आणि डॉक्टरांच्या आधीच आम्हा दोघींना कळलं, कारण आम्ही रोज असल्या कमरा बघतो. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पोहा, पण घोडा विसरा. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवस नाही, कायमचा.

आईला तर आयतंच कोलीत मिळालं. "तू गुपचूप जाऊन बसशील, माका म्हायत आसा तुझा सगळा. आणि मोडून पडलीस तर तुका उचलूक कोण येतला? मी? ह्या वयात?" आई चिडली की मालवणीत शिरते, आणि मालवणीत शिरली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी म्हणायचे, बसणार नाही, नुसती भेटून येईन. आणि खरंच मी नुसती भेटत होते. खरारा करायचा, आयाळ विंचरायची, दोरी धरून हळूहळू फिरवून आणायची. माझं तेवढ्यावर भागत होतं.

घोडीचं भागत नव्हतं. पळण्यासाठी जन्मलेलं जनावर ते. तबेल्यात दुसरं कोणी तिच्यावर बसण्याजोगं नव्हतं. तिथे येतात ती शिकाऊ पोरं, त्यांना गरीब, म्हातारे घोडे लागतात. बया दिवसभर उभी. हळूहळू तिने दाराची फळी कुरतडायला सुरुवात केली. मग एका जागी उभं राहून डुलायला लागली, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. तबेलेवाले काका एकदा म्हणाले, "ताई, उभं राहून राहून हिचं डोकं फिरेल. तुम्ही हिला जीव लावता, कबूल. पण तुमच्या जिवाने तिचे पाय मोकळे होत नाहीत." मला इतका राग आला त्यांचा! होडीत बसून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. घरी आले तर आई दारातच, "काय म्हणतेय बया?" मी रडले. मग आईने दोन दिवस विषय काढला नाही, एवढी मात्र माणुसकी दाखवली.

गिऱ्हाईक काकांनीच आणलं. मुलुंडचे एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. बदलापूरच्या पुढे त्यांची जमीन, तिथे आधीपासून दोन घोडे. मुलगी लहानपणापासून घोड्यावर बसणारी. ते रविवारी सकाळी घोडी बघायला येणार असं ठरलं. मी आईला सहज सांगितलं, आणि तिथेच चूक झाली. आमच्याकडे 'बघायला येणार' या शब्दांचा अर्थ एकच.

रविवारी पहाटे उठून आईने पोहे केले. कांदेपोहे, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी वेगळ्या बांधून. थर्मासमध्ये चहा. होडीला घाबरणारी कोकणातली बहुतेक ती एकटीच बाई असेल, पण त्या दिवशी डबा मांडीवर घट्ट धरून, डोळे मिटून, ती खाडी पार करून आली. मी म्हटलं, "अगं, घोडी विकतोय आपण, लग्न नाही लावत तिचं." तर म्हणाली, "लोकांच्या घरात द्यायचं ना तिला? मग!"

मुलुंडकर मंडळी आली. आईने त्यांना खुर्च्यांवर बसवलं, पोहे दिले आणि चौकशीला लागली. घरी कोण कोण असतं? पाणी विहिरीचं की नळाचं? ते दोन घोडे स्वभावाने कसे आहेत? गृहस्थ सभ्य होते, सगळ्याची उत्तरं देत होते. त्यांनी सांगितलं की एक तरुण आहे आणि एक घोडी म्हातारी आहे, तिचा जरा दरारा असतो. "म्हणजे सासू आहे," आई माझ्या कानात पुटपुटली. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मुलगी मात्र पोह्यांकडे न बघता घोडीकडे गेली. मानेवरून हात फिरवला, मग शिस्तीत वाकून एकेक पाय चाचपत बसली. पुढचा गुडघा चोळला आणि उठून स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली. तळवा काळाकुट्ट. मला एक क्षण काहीच कळेना. मग मी आईकडे पाहिलं, आणि आई खाडीकडे पाहत होती.

काजळ! गुडघ्यावरच्या पांढऱ्या डागावर आईने काजळ फासलं होतं. मी होडीचे पैसे देत होते तेवढ्यात पुढे येऊन, अंगठ्याने, नीट गिलावा केल्यासारखं. माझ्या मावशीच्या हातावरचा डाग म्हणे असाच बांगड्यांखाली झाकून लग्न जमवलं होतं. "दृष्ट लागू नये म्हणून लावलंय हो," आई म्हणाली, चेहऱ्यावरची रेष न हलवता. दृष्टीची तीट गालाला लावतात, गुडघ्याला नाही, एवढं मुलुंडच्या माणसालाही माहीत असणार. गृहस्थांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "आणखी काही आहे का, ताई, जे आम्हाला कळायला हवं?"

माझं टाळकं सरकलं. आम्ही फसवणारी माणसं? मी म्हटलं, आहे ना, पुष्कळ आहे, बसा. डाग शर्यतीतला आहे, हाडाला काही नाही, घोड्यांच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे मी स्वतः बघितलाय. पण खोगिराचा पट्टा आवळला की ही मान वळवून चावायला येते. चावत नाही, नुसती धमकी देते, पण नवीन माणसाची फाटते. छत्री उघडलेली चालत नाही. प्लास्टिकची पिशवी उडाली की चार पायांवर एकदम बाजूला. डबक्यातून जात नाही, समुद्रात मात्र पोटापर्यंत शिरते. बादलीतलं पाणी आधी नाकाने हलवून बघते, मग पिते, आणि प्यायल्यावर थोबाड तुमच्याच कपड्यांना पुसते. पांढरे कपडे घालून येऊ नका. गाजर दाखवून दिलं नाही तर दिवसभर पाठ करून उभी राहते. आजारी असली की कान गार पडतात, तेवढं बघा, ती दुसरं काही दाखवत नाही. तुम्ही रडलात तर जवळ येते, पण प्रेमाने नाही, तिला खारट आवडतं म्हणून.

बोलून बोलून माझा श्वास संपला. मनात कुठेतरी होतं की आता हे नको म्हणतील आणि सुटले मी. आईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "खोडी सांगूक गेलंस आणि कौतुक सांगत बसलंस गो."

मुलगी म्हणाली, "मावशी, मी बसून बघू?"

नाही कशी म्हणणार? ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. मी स्वतः खोगीर चढवलं. पट्टा आवळताना बयेने सवयीने मान वळवली, मुलीने "हो, कळलं" म्हणून तिला बाजूला केलं. आधी चालवलं, मग दुडकी चाल, आणि मग किनाऱ्याच्या त्या टोकाला जाऊन तिने बयेला वळवलं आणि लगाम सैल सोडला.

इतकी वर्षं ही घोडी माझी होती आणि मी तिला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी वर बसलेली. मला माहीत होती ती तिची मान, दोन कान आणि समोरून येणारा वारा. बाहेरून ती कशी दिसते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती जमिनीला लागून लांब लांब झेपावत होती, शेपूट मागे आडवी, आणि मधेच चारही पाय वर असायचे. कुठे ते फळी कुरतडत डुलणारं जनावर आणि कुठे ही! आमच्यासमोरून गेली तेव्हा वाळूचे शिंतोडे आईच्या साडीवर उडाले आणि आईनेसुद्धा पदर झटकला नाही.

मी तिथेच हो म्हटलं. मुलगी उतरायच्या आधी. मला वाईट वाटत होतं, भयंकर वाटत होतं, पण शंका उरली नव्हती. आईला वाटलं होतं की जिंकल्यावर तिला आनंद होईल. होडीत ती म्हणाली, "अजून थोडे दिवस ठेवली असतीस तरी चाललं असतं." वर्षभर डोकं खाल्लं आणि आता हे!

पुढच्या आठवड्यात भाईंदरकडून खाडीला वळसा घालून येणाऱ्या रस्त्याने त्यांची गाडी आली. घोडे न्यायची खास गाडी, मागे चढायला उतरती फळी आणि पुढच्या अंगाला माणसाला उतरण्यापुरतं छोटं दार. आईने ताटात तांदूळ, गूळ आणि नारळ आणला होता. बयेने गूळ खाल्ला, तांदूळ उधळले. मी ठरवून लांब उभी राहिले. दोरी मुलीच्या हातात दिली, म्हटलं, आता तुझी. मला जवळ जायचंच नव्हतं.

बया फळीपाशी आली, एक पाय ठेवला, खालून पोकळ आवाज आला, आणि ती मागे सरली. गृहस्थांनी चुचकारलं. काकांनी चंदीची, म्हणजे दाण्याची, बादली खुळखुळवली. मुलगी न चिडता पुन्हा पुन्हा फिरवून आणत होती. पण नाही म्हणजे नाही. डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं, अंग घामाने भिजलं. शेवटी मुलगी माझ्याकडे आली. तिलाही मागायला जड जात होतं.

"मावशी, तुम्ही पुढे चालाल?"

मी दोरी घेतली. ओढली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही, नेहमी तबेल्यातून बाहेर काढायचे तशी नुसती पुढे चालत राहिले, फळीवरून वर, त्या अंधाऱ्या गाडीत. माझ्या मागे फळीवर टापा वाजल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्या. ती आली. मी पुढे होते म्हणून आली. मी तिला आत नीट उभी केली, दोरी कडीला बांधली, गाठ ओढून बघितली. तिने नाक माझ्या खांद्याला पुसलं. मागचं दार लावल्याचा आवाज आला, तसा मी पुढचा छोटा दरवाजा उघडला आणि कमरेला जपत खाली उतरले. ती माझ्यामागून यायला वळली, आणि मी बांधलेली दोरी ताणली गेली.