चार लिंबं आणि मुलीचा मामा

चहाचे कप आधी खाली ठेवा. खरंच सांगतोय! मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एका गृहस्थांच्या नाकातून चहा आला आणि शिव्या कुणी खाल्ल्या? मी. फजिती माझी, हसणार हे, आणि वर बोलणीही मलाच. असो.

मी दिलीप. मूळचे आम्ही नांदेडकडचे, पण आजोबांपासून हैदराबादेत. तेव्हा राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. आमच्या सरकारी ऑफिसात फायली वाटल्या जात होत्या, कपाटं वाटली जात होती, कोण इकडे राहणार आणि कोण तिकडे जाणार यावर डबा खाताना भांडणं होत होती. जो तो हातात येईल ते धरून बसलेला. अशा ऐन वाटणीच्या हंगामात मी काय करावं? मी एसयूव्ही घेतली!

शोरूमवाल्यानं फिरवून आणायला दिली ती गाडी ऑल व्हील ड्राइव्ह होती. म्हणजे इंजिनाची ताकद चारी चाकांना. मेट्रोसाठी खणलेल्या रस्त्यावरून, मातीच्या ढिगावरून अशी चढली म्हणून सांगू! मी जागीच विरघळलो. मग टेबलावर बसलो तर त्यानं त्याच गाडीचं जरा स्वस्तातलं मॉडेल दाखवलं.

"बॉडी सेम सार, कलर सेम, सीट सेम."

पुढे तो आणखी काहीतरी समजावत होता. चांगली पाच मिनिटं बोलला बिचारा. पण मी तेव्हा सीटवरचं प्लास्टिक काढावं की राहू द्यावं या विचारात होतो. सही करून टाकली.

गाडी घरी आली. मागे जाऊन बघतो तर फिरवून आणलेल्या गाडीवर होती ती ऑल व्हील ड्राइव्हची 'एडब्ल्यूडी' अक्षरं गायब! मला काय वाटावं? मला वाटलं, कंपनी विसरली. हसू नका! सरळ माणसाला असंच वाटतं. गेलो नंबर प्लेटच्या दुकानात. तिथे ही गर्दी, कारण नव्या राज्याचे टीएसवाले नंबर निघालेले. म्हटलं, "भाई, पीछे तीन अक्षरां भी डाल दो." त्यानं चकचकीत रुपेरी अक्षरं चिकटवून दिली.

सुनंदा म्हणजे आमची ही. तिनं कमरेवर हात ठेवून ते पाहिलं.

"अहो, कंपनीनं लावलं नाही ते तुम्ही कशाला लावता?"

"थांब, पुरावाच देतो."

त्याच दिवशी गाडीची पूजा होती. आपल्या रीतीप्रमाणे चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि गाडी पुढे घेतली. फट, फट, फट, फट! चारीच्या चारी फुटली.

"बघ! चारी चाकांनी ओढलं की नाही?"

"हातगाडीखाली ठेवली असती तरी फुटली असती," सुनंदा म्हणाली आणि नारळाचे तुकडे गोळा करायला लागली.

मी मनात म्हटलं, जाऊ दे, हिला यंत्रातलं काय कळतंय! आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात माझं प्रवचन सुरू. फायली वाटा, कपाटं वाटा, पण ताकद कशी चारी चाकांना सारखी वाटली पाहिजे! लोक डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जायला लागले.

पण मी ऐकतोय कुणाचं? थोरल्या भाचीचं, प्राजक्ताचं, लग्न आलं. माझी बहीण शकूताई नल्लकुंट्याला राहते. आता आपल्याकडे मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. ताईला भाऊ मी एकटाच, त्यामुळे मामाही मी एकटाच, बदली मामा मिळायची सोय नाही. वऱ्हाड बसनं हॉलवर गेलं. हॉल कुकटपल्लीच्या पुढे. प्राजक्ता नटायला कुकटपल्लीच्याच पार्लरमध्ये. तिला तिथून घेऊन मुहूर्ताच्या आत पोचवायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं.

ताईनं बजावलं होतं, "दिल्या, कुठं शहाणपणा करू नको. सरळ रस्त्यानं ये."

मी पार्लरसमोर गाडी लावली. सुनंदा पुढे, नवरी मागे. निघालो. हॉल दिसायला लागला आणि दारासमोर गाड्यांची ही रांग! मुहूर्ताला वीस मिनिटं. हॉलच्या मागच्या बाजूला मोकळा प्लॉट होता. पलीकडे हॉलचं मागचं दार उघडं दिसत होतं. मधे फक्त काळी माती, थोडी ओलसर. कडेला पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या पाइपातून पाणी गळत होतं.

"मामा, नक्को! इथेच उतरते, चालत जाते," प्राजक्ता म्हणाली.

"नवरी चालत जाणार? मग ही गाडी कशाला घेतली मी?"

"अहो, ताई काय म्हणाल्या होत्या?" सुनंदा.

"चारी चाकांची गाडी रस्ता विचारत नसते!"

हे वाक्य मी म्हणालो. मीच! अजून घरात ते माझ्या तोंडावर मारलं जातं.

बरोबर प्लॉटच्या मध्यावर गाडी थांबली. मी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी खाली गेली. आणखी दाबला, आणखी खाली गेली. आपली काळी माती, तुम्हाला माहीतच आहे. एकदा पाय धरला की सोडत नाही.

तेवढ्यात हॉलच्या कर्ण्यातून गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं."

खरं सांगतो, तेव्हा हसू येत नव्हतं. माझ्या हट्टापायी पोरीचा मुहूर्त चुकणार, एवढंच डोक्यात होतं.

"सुनंदा, तू इकडे बस आणि मी सांगितलं की दाब. मागचं चाक का फिरत नाही ते बघतो."

मी उतरलो. पाय घोट्यापर्यंत आत. पांढरा शुभ्र झब्बा सावरत मागच्या चाकापाशी वाकलो आणि ओरडलो, "दाब!"

सुनंदा आज्ञाधारक. दाबला तिनं. पुढच्या चाकानं असा काही चिखल उडवला की माझं तोंड, झब्बा आणि फेटा सगळं एका रंगाचं झालं. मागचं चाक? जागचं हललं नाही.

टँकरचा ड्रायव्हर मस्तानभाई हे सगळं शांतपणे बघत उभा होता.

"साब, पीछे का चक्का तो सो रा. आगे वाला अकेला मेहनत कर रा."

"अरे, ऑल व्हील ड्राइव्ह है ये! पीछे लिखा है ना!"

तो मागे गेला, बोटानं चिखल पुसला आणि अक्षरांची एक कड नखानं वर उचलली.

"ये तो स्टिकर है साब. कौन चिपकाया?"

मी फेटा नीट करायला लागलो.

"और सुनो साब, चारों घूमते तो भी ये मिट्टी में दस बार सोचना पड़ता," असं म्हणून तो टँकरवरची एक लांब फळी काढून आणायला गेला.

कर्ण्यातून पुन्हा, "मुलीचे मामा! मुहूर्ताची वेळ होत आली. मुलीचे मामा!"

मस्तानभाईनं फळी आणून गाडीच्या दारापासून कोरड्या मातीपर्यंत टाकली. प्राजक्तानं दार उघडलं, नऊवारी वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि फळीवरून तुरुतुरु पलीकडे गेली सुद्धा. सुनंदा तिच्या मागे. शालूला एक थेंब लागला नाही. मी फळीकडे निघालो तर एक पाय गुडघ्यापर्यंत आत! जोर लावला, पाय आला, बूट तिथेच राहिला. दुसरा पाय गेला.

"तू जा गं पोरी!" मी ओरडलो. "माझ्यासाठी मुहूर्त चुकवू नको!"

"मामाशिवाय कशी जाऊ? मला आणणार कोण?"

आणि ती परत आली. फळीवर घट्ट पाय रोवले, माझं मनगट धरलं आणि हिसका दिला. मुळा उपटावा तसा मी बाहेर आलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, चिखलामुळे पण आणि तिच्यामुळे पण.

मांडवात आम्ही शिरलो ते असे : पुढे नवरी, तिनं मागे धरलेला मामा, मामाच्या एका पायात बूट. वाजंत्रीवाला वाजवायचं विसरला. ताई पुढे आली.

"दिल्या, तुला पोरगी आणायला पाठवलं होतं की प्लॉट?"

मुहूर्त मात्र सापडला. गाडी दुपारी मस्तानभाईनं टँकरला दोर बांधून काढली. ती अक्षरं तेवढी प्लॉटमध्येच राहिली.

मागच्या महिन्यात धाकट्या भाचीचं लग्न झालं. मी दोन तास आधी, रिक्षानं, नव्या चपला घालून हॉलवर हजर. मनात म्हटलं, लोक विसरले असतील. गुरुजी तेच होते. त्यांनी माईक हातात घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि भर मांडवात म्हणाले, "मुलीनं मामांना घेऊन यावं."