मनुबाईची दुहेरी गाठ

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मनुबाई छत्तीस वर्षांची असताना तिचा आवाज फुटला. वयात येणाऱ्या पोराचा फुटतो तसा. सन १९८८. हनुवटीवर राठ केस आले. बाजारात तिने हाक मारली की गिऱ्हाइकं दचकून वर बघत, पोरी तोंडाला पदर लावत. मग तिने हाका मारणंच सोडलं. शेजारी बसणारी नणंद जनी दोघींचे मासे विकू लागली.

आठ महिने पाळी बंद होती. मग सुरू झाली ती थांबेचना. टोपली उचलता उचलता मनुबाई खाली बसायची. अंगारे झाले, काढे झाले, दोन दवाखाने झाले. शेवटी नवरा, चंदू, तिला कल्याणला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांच्या हाताला पोटात डावीकडे गाठ लागली. आठवड्याभरात ऑपरेशन झालं आणि गाठ तपासायला डॉ. केळुसकरबाईंच्या लॅबमध्ये गेली.

सूक्ष्मदर्शकाखालच्या पहिल्या काचांवर बाईंना पुरुषाच्या वृषणात असतात तशा पेशी दिसल्या, नळ्यानळ्यांनी मांडलेल्या. आवाजाचा, केसांचा उलगडा झाला. पण एवढा रक्तस्राव कशाने?

"कांता, आणखी तुकडे काप," त्या टेक्निशियनला म्हणाल्या.

"सहा कापले की, बाई."

"अजून सहा काप."

नवव्या तुकड्यात दुसऱ्याच पेशी निघाल्या. स्त्रीबीजाभोवती असतात तशा, गोल कडं करून बसलेल्या, प्रत्येकीवर कॉफीच्या बीसारखी चीर.

बाईंनी मनुबाईला समोर बसवून सांगितलं, "एकाच गाठीत दोन जातीच्या पेशी होत्या. काही पुरुषी रस सोडत होत्या, काही बायकी. फार क्वचित होतं असं."

"म्हणजे मी बाईच ना?"

"बाईच. बिघाड होता तो बीजकोशातल्या त्या गाठीत."

"दीड वरीस झालं, ह्ये मना कोनी सांगितलंच नाय." मनुबाईने टेबलावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

रक्त थांबलं, पाळी रुळावर आली, केस विरळ झाले. आवाज मात्र घोगरा तो घोगराच राहिला. गाठ परत उगवू शकते म्हणून दर सहा महिन्यांनी कल्याणची फेरी होती. १९९७ साली डॉक्टर म्हणाले, "आता वर्षातनं एकदा आलात तरी चालेल."

"बरं," म्हणून ती बाहेर आली आणि बाकावर बसली.

"चल ना गं," सोबत आलेली जनी म्हणाली.

"बसू दे जरा. दमले."